त्याला काय लागतं?

कढीपत्त्याच्या कुंडीत अळी सापडली, तो दिवस मला चांगला आठवतो. शहराच्या कडेच्या वस्तीतली बालवाडी, वर पत्रे, पुढे हातभर रुंदीचा ओटा आणि ओट्यावर तीन कुंड्या. एका पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा ठिपका दिसत होता. मी बोट दाखवायच्या आत तो ठिपका हलला. साडेचार वर्षांच्या एका मुलाने लगेच डबा उघडला, भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला आणि अळीच्या तोंडाशी ठेवला. ताईंनी त्याला अडवलं नाही. “खाते का बघ,” एवढंच म्हणाल्या. शाळा सुटेपर्यंत तो तिथेच घुटमळत होता. दुसऱ्या दिवशी भाकरीवर गूळ आला. तिसऱ्या दिवशी केळ्याचा काप आला. अळी मात्र पान कडेकडेने कुरतडत राहिली. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेले, तेव्हा त्याने माझा हात धरून मला कुंडीपाशी नेलं आणि सांगितलं, “हिला आपलं नाय चालत. हिला हिचंच लागतं.”

या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना ते वाक्य सतत माझ्या सोबत होतं. लहान मुलांना प्राण्यांच्या गरजा शिकवायच्या म्हणजे नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर त्या मुलाने चार दिवसांत शोधून काढलं होतं. त्याने आधी स्वतःला आवडतं ते दिलं, कारण प्रेम करण्याची तेवढीच रीत त्याला माहीत होती. मग त्याने थांबून पाहिलं. आणि आपल्याला लागतं ते सगळ्यांना लागत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. साडेचार वर्षांच्या मुलासाठी ही फार लांबची मजल आहे. मोठी झालेली कितीतरी माणसं तिथवर पोहोचत नाहीत.

आपल्या शाळांमध्ये हा विषय साधारणपणे चार शब्दांत उरकतो : अन्न, पाणी, हवा, निवारा. फळ्यावर चार चौकोन, चौकोनांत चार चित्रं, आणि पोरं तालावर म्हणून दाखवतात. यादी चुकीची नाही. जीवशास्त्राच्या दृष्टीने ती पक्की आहे आणि कुठून तरी सुरुवात करायलाच हवी. पण ती यादी म्हणजे पुष्कळ प्राणी पाहून झाल्यावर काढलेलं सार आहे. सार आधी हातात दिलं की पाहण्याचं कारणच उरत नाही. दुसरीतल्या मुलाला विचारा, गांडुळाला काय लागतं? तो चार शब्द म्हणेल. मग विचारा, गांडुळाला नाक कुठे असतं? हवा कुठून घेतो तो? इथे मूल गप्प होतं, आणि खरं शिकणं इथूनच सुरू होऊ शकतं. गांडूळ ओलसर कातडीतून श्वास घेतो. कातडी वाळली की तो गुदमरतो. म्हणजे त्याच्या बाबतीत ‘पाणी’ आणि ‘हवा’ हे दोन चौकोन वेगळे नाहीतच. बेडकाचंही बरंचसं तसंच आहे. फुप्फुसं असूनही तो कातडीतून श्वास घेतो, म्हणून कोरड्या, साबण लागलेल्या हाताने त्याला उचलू नये. ‘बेडकाला हात लावू नकोस’ या दटावणीपेक्षा हे कारण मुलांना लवकर पटतं, आणि लक्षातही राहतं.

चार चौकोनांची यादी कुठे अपुरी पडते, हे पाहायला लांब जायला नको. पिंजऱ्यातला पोपट घ्या. पेरू आहे, हिरवी मिरची आहे, वाटीत पाणी आहे, खिडकीत टांगलाय म्हणून हवा आहे, वर छप्पर आहे. चारही चौकोन भरले. मुलांना विचारलं, तर बहुतेक जण सांगतील की याला सगळं मिळतंय. मग एखादी मुलगी म्हणते, “पण त्याला उडायचं असेल ना?” हा प्रश्न वर्गात यावा, म्हणून मी सगळी यादी बाजूला ठेवायला तयार आहे. पोपटाला थवा लागतो, झाडाची ढोली लागते, कुरतडायला लाकूड लागतं, संध्याकाळी शेकडो पोपटांसोबत एकाच झाडावर कालवा करायला लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे रानपोपट पाळायला बंदी आहे, हे मोठ्यांनी जाणून घ्यावं. मुलांना कायद्याच्या आधी तो थवा दाखवावा.

निवाऱ्याचंही तसंच. मराठी घरात वाढलेल्या मुलाचा निवाऱ्याचा पहिला पाठ म्हणजे कावळ्याच्या शेणाच्या आणि चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्ट. ती गोष्ट मला अतिशय प्रिय आहे आणि ती प्रत्येक मुलाला सांगितली जावी असंच मला वाटतं. पाऊस आला की कुणाचं घर टिकतं आणि कुणाचं वाहून जातं, ही काळजी त्या वयात मनात रुजते. पण गोष्ट संपल्यावर त्याच मुलाला खिडकीपाशी न्यावं. कावळा काटक्यांचं घरटं बांधतो आणि शहरात तर तारांचे तुकडेही त्यात गुंफतो. चिमणी भिंतीच्या भोकात, विजेच्या मीटरच्या पेटीत, फोटोच्या मागे गवत, पिसं, दोरे कोंबते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत घरटं हे घर नसतंच, तो पाळणा असतो. अंडी घालायची, पिल्लं वाढवायची, पिल्लं उडाली की तिथलं काम संपलं. एरवी रात्र काढायला फांदी पुरते. कुंडीत बुलबुलाने केलेलं घरटं ‘सुरक्षित जागी’ हलवणारी माणसं प्रेमानेच तसं करतात, पण घरटं म्हणजे पक्ष्याचं घर ही चुकीची समजूत त्यामागे असते. जागा बदलली की बुलबुल ते घरटं बऱ्याचदा टाकून देतो.

बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण पिल्लांसाठी खोपा विणते, आणि ती कविता येत नाही असा मराठी माणूस विरळा. १९३० साली सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं दिवसचे दिवस निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की खोपा नर विणतो. अर्धा विणून झाला की माद्या येतात, आत जाऊन तपासणी करतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते, नर उरलेलं काम पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. हे कळल्याने कविता उणी होत नाही. उलट, मुलांना दोन्ही द्यावं : कवितेतला जिव्हाळा आणि किहीमच्या त्या माणसाची चिकाटी. विहिरीवरच्या फांदीखाली बसून ‘हा कोण, तो काय करतोय’ हे पाहत राहणं, हीच या विषयाची खरी पद्धत आहे.

आता थोडं मागे जाऊ. हा विषय शाळेत येण्याच्या कितीतरी आधी गोठ्यात होता. व्यायलेल्या गाईचा चीक वासराला पहिल्यांदा पाजायचा, खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवल्यावर एकवीस दिवस तिला उठवायचं नाही, शेळीला अधूनमधून मीठ चाटवायचं, म्हशीला दुपारी डुंबायला न्यायचं, हे सगळं गावातलं मूल बघून बघून शिकायचं. म्हैस का डुंबते? गाईच्या मानाने तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, अंग काळं, ऊन जास्त शोषणारं. चिखल तिचा पंखा असतो. चार चौकोनांच्या यादीत ‘गारवा’ नाही, पण गुराख्याच्या पोराला तो ठाऊक होता. याच्या जोडीला पंचतंत्र आणि जातककथा होत्या. तिथे प्राणी बोलतात, फसवतात, शहाणपणा शिकवतात. ते प्राण्याच्या वेशातली माणसं असतात. गोष्टींनी प्राण्यांविषयी आपलेपणा दिला. गोठ्याने गरजा दाखवल्या. दोन्ही मिळून एक पुरं शिक्षण होतं, आणि त्यातला गोठा आज बहुतेक मुलांच्या हातून गेला आहे.

शाळेच्या इतिहासात हा धागा युरोपातून सुरू झालेला दिसतो. रूसोने १७६२ साली ‘एमिल’मध्ये मुलाला पुस्तकाआधी निसर्गाकडे न्यायला सांगितलं. पेस्तालोझीने वस्तूवरून शिकवण्याचा आग्रह धरला. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी जे काम सुरू केलं, त्यातून ‘किंडरगार्टन’ आलं, आणि त्या नावातली बाग खरोखरची होती. मुलांना वाफे मिळायचे, ते सांभाळायला लागायचे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निसर्ग-अभ्यासाची चळवळ फोफावली. कॉर्नेल विद्यापीठातल्या अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी १९११ साली शिक्षकांसाठी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला एक सल्ला मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले आहे : मुलाने विचारलेलं माहीत नसेल तर शिक्षकाने मोकळेपणाने ‘मला अजून माहीत नाही, आपण दोघं बघू’ असं म्हणावं. आपल्याकडे मराठीत १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झालं आणि विज्ञान मातृभाषेत वाचण्याची सवय लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पण महाराष्ट्राची या क्षेत्रातली खरी कमाई कोसबाडची आहे, आणि तिथे मी थोडी रेंगाळणार आहे. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी उचलली, पण महागडी साधनं बाजूला ठेवून इथल्या मातीतली साधनं घेतली. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हा शब्द आणि विचार तिथून देशभर गेला. गुरं राखायला जाणारी मुलं तर अंगणातही सापडत नव्हती. त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. कुरणशाळा. गुरं चरतायत आणि झाडाखाली मुलं शिकतायत. माझ्या मते आपल्या विषयासाठी याहून चांगली शाळा कुठे झाली नसेल. कारण त्या मुलांना ‘गुरांना काय लागतं’ हे शिकवायची गरज नव्हती; ते त्यांचं रोजचं काम होतं. कुठल्या उतारावर कोवळं गवत आहे, कुठला ओढा कधी आटतो, कुठली गाय आज चरत नाही, हे त्यांना शिक्षकापेक्षा जास्त कळत होतं. मुलाला आधीपासून जे येतं त्याला शाळेत मान मिळाला, की बाकीचं शिकणं आपोआप मोकळं होतं, हा धडा ताराबाई आणि अनुताईंनी दिला. ‘अंगणवाडी’ हे नाव आपण जपलं. कुरण मात्र मागे राहिलं.

गांधीजींच्या नई तालीमचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आला. तिथे हाताचं काम हेच शिकण्याचं माध्यम होतं, आणि शेती-गोपालनाच्या कामात प्राण्याची गरज ही कर्तव्याच्या रूपात मुलासमोर येते. नेमलेल्या मुलाने चारा घातला नाही, तर गाय उपाशी राहते. हा प्रवाह पुढे क्षीण झाला, तरी ‘सांभाळल्याशिवाय कळत नाही’ हे त्याचं म्हणणं अजून खरं आहे.

मुलं सजीवांविषयी विचार कसा करतात, याचा अभ्यास हा या क्षेत्राचा दुसरा मोठा ओघ. पियाजेने १९२० च्या दशकात दाखवलं की लहान मुलं हलणाऱ्या ढगाला, सूर्यालाही जिवंत समजतात. सुझन केरी यांनी १९८५ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं की लहान मूल प्राण्यांविषयी अंदाज बांधताना माणसाला मापदंड धरतं : माझ्यात आहे, म्हणून कुत्र्यात असेल. आमच्या भाकरीवाल्या मुलाने नेमकं हेच केलं होतं. मग प्रश्न उरतो, ही वयाची मर्यादा आहे की अनुभवाची? जपानमध्ये इनागाकी आणि हातानो यांनी घरी सोनमासे सांभाळणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बेडकाविषयी प्रश्न विचारले. बेडूक कायम एवढाच राहील का, असं विचारल्यावर ही मुलं सोनमाशाचा आधार घेऊन उत्तर देत : नाही राहणार, माझा मासासुद्धा लहान होता, मोठा झाला. एक प्राणी नीट सांभाळला तर तो दुसऱ्या प्राण्याकडे जायचा पूल होतो. पुढे अमेरिकेत मेडिन, अ‍ॅट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या, खेड्यातल्या आणि मेनॉमिनी या आदिवासी समाजातल्या मुलांची तुलना केली. माणसाला मापदंड धरण्याची सवय शहरी मुलांत ठळक दिसली, इतरांत तशी दिसली नाही. मी हे वाचलं तेव्हा मला कुरणशाळा आठवली. मुलाचं मन त्या वयात अपुरं असतं, असं आपण सहज म्हणतो. अपुरी असते ती ओळख, आणि ती करून देणं आपल्या हातात आहे.

तिसरा ओघ करुणेचा. इंग्लंडमध्ये १८२४ पासून प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध संघटित काम सुरू झालं. भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत हा विषय लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारा कायदा झाला. रूथ हॅरिसन यांच्या १९६४ मधल्या पुस्तकाने ब्रिटनमध्ये पोल्ट्री आणि गोठ्यांतल्या कोंडवाड्यांकडे लक्ष वेधलं, पाठोपाठ सरकारी समिती बसली आणि १९७९ पर्यंत ‘पाच स्वातंत्र्यं’ हा विचार पक्का झाला : भूक-तहानेपासून, त्रासदायक जागेपासून, वेदना आणि आजारापासून, भीतीपासून मुक्ती, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याची मोकळीक. शेवटची मोकळीक मुलांना पटकन समजते. कोंबडीला धुळीत अंघोळ करायची असते, हे पाहिलेलं मूल ‘दाणा-पाणी आहे ना’ एवढ्यावर समाधान मानत नाही.

पर्यावरणाचा ओघ त्या मानाने अलीकडचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यायला सांगितलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने परिसरातून शिकण्यावर भर दिला, आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ आणि अनुभव मध्यभागी आणतो. हे सगळं स्वागतार्ह आहे. एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. पर्यावरण शिकवताना आपण फार लवकर नाशाच्या गोष्टी सांगतो : जंगलं संपली, वाघ संपले, बर्फ वितळतोय. अमेरिकेतले शिक्षक-लेखक डेव्हिड सोबेल यांनी १९९६ साली बजावलं होतं की चौथीच्या आधी मुलांवर या शोकांतिका लादू नयेत, आधी जवळच्या निसर्गाशी जीव जडू द्यावा. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. ज्या साळुंकीला त्याने कधी नीट पाहिलं नाही, तिच्यासाठी पाच वर्षांच्या मुलाने रडावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आजच हे पुस्तक का हवं? कारण मुलांकडे प्राण्यांची माहिती भरपूर आहे आणि ओळख फार थोडी. मोबाइलवर पाहून पेंग्विनला बर्फ लागतो हे प्रत्येक मूल सांगतं. राणीच्या बागेत २०१६ साली आलेले पेंग्विन हंबोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे; त्यांच्या मूळ घरी बर्फ नाही, थंड समुद्री प्रवाह आहे. लांबची माहिती अशी अर्धवट, आणि दारातल्या प्राण्याविषयीची तर त्याहून कमी. मार्चमध्ये चिमणी दिनाला शाळाशाळांत दाणे ठेवायच्या ताटल्या वाटल्या जातात. छान आहे. पण चिमणीच्या पिल्लाला दाणे चालत नाहीत, त्याला मऊ किडे-अळ्या लागतात. म्हणजे चिमणी हवी असेल तर अंगणात थोडे किडे हवेत, थोडं गवत हवं, फवारणी कमी हवी. वयानुसार गरज बदलते, ही गोष्ट चार चौकोनांत कुठेच बसत नाही. खाली पडलेल्या पिल्लाच्या चोचीत मुलं कळवळून पाणी ओततात. पिल्लाला पाणी अन्नातूनच मिळत असतं. ओतलेलं पाणी श्वासनळीत जाऊन ते दगावू शकतं. नागाला दूध पाजण्याच्या प्रथेचंही तेच. कळवळा असतो, ओळख नसते.

आणि काही ठिकाणी हे ज्ञान जिवाशी जोडलेलं आहे. जुन्नर भागातल्या उसाच्या फडांत बिबट्याच्या माद्या पिल्लं घालतात. उंच, दाट ऊस त्यांना लपायला मिळतो, आसपास कुत्री-शेळ्या मिळतात. बिबट्याच्या दृष्टीने त्याच्या गरजा तिथे पुऱ्या होतात. तोडणीच्या वेळी पिल्लं सापडली तर वन विभागाचे लोक ती त्याच जागी सुरक्षित ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. त्या भागातल्या मुलाला ‘बिबट्याला काय लागतं’ हा प्रश्न परीक्षेसाठी नसतो. अंधारात एकट्याने उसाकडे जायचं नाही, शेळी उघड्यावर बांधायची नाही, पिल्लू दिसलं तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, हे सगळं त्या एका प्रश्नातून निघतं. शहरातल्या मुलासाठी तीच गोष्ट व्यालेल्या कुत्रीची आहे. तिला आत्ता पिल्लांभोवती मोकळी जागा लागते, हे कळलेलं मूल तिथे जात नाही. आणि चावलं, ओरखडलं तर साबणाने खूप वेळ धुवायचं आणि लगेच मोठ्यांना सांगायचं, हे पुस्तकात ठळकपणे दिलंय, याबद्दल मी लेखिकांची आभारी आहे.

पुस्तकाची मांडणी अक्षरानुक्रमे नाही, पाळीव आणि जंगली अशी कप्पेबंदही नाही. मुलाच्या हाताच्या अंतरापासून ते बाहेर सरकतं : भिंतीवरची पाल, कुंडीतली अळी, गटाराकाठचा बेडूक, गोठा, माळ, समुद्र. वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांपर्यंत ते जातं. कासवाच्या पिल्लाला आई भरवत नाही. पहिले काही दिवस अंड्यातल्या बलकावर भागतं. त्याला ऊबदार वाळू लागते आणि समुद्राकडे जायला रात्रीचा अंधार लागतो, किनाऱ्यावरचे दिवे त्याला भरकटवतात. ‘अंधार’ हीसुद्धा कुणाची गरज असू शकते, हे वाचून माझ्या ओळखीच्या एका सहा वर्षांच्या मुलीने कितीतरी वेळ काही विचारलंच नाही. नुसती बसून राहिली.

कुठल्याही उपक्रमाला विकत आणायचं काही लागत नाही. उन्हाळ्यात पाणी ठेवायचं तर भांडं उथळ हवं, मधे दगड हवा, म्हणजे मधमाशी बुडत नाही. पाणी रोज बदलायचं, म्हणजे डास होत नाहीत. अशा बारकाव्यांमुळे हे पुस्तक बालवाडीताईंच्या कामाचं झालं आहे. मरण टाळलेलं नाही. अळीच्या अंगात गांधीलमाशीसारख्या एखाद्या किड्याने अंडी घातली तर त्या अळीचं फुलपाखरू होत नाही. एकाची गरज दुसऱ्याचा जीव घेते. मुलांना हे साध्या शब्दांत सांगितलं तर ती समजून घेतात, असा माझाही अनुभव आहे.

एका जागी माझं आणि लेखिकांचं जमलं नाही. वर्गात मासे ठेवायला त्यांची संमती आहे, माझी नाही. गोल काचेच्या भांड्यात हवेला लागणारा पृष्ठभाग थोडा, माशाची घाण साचते, मे महिन्याच्या सुट्टीत बघणारं कुणी नाही. सोनमासा नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. आपल्या वर्गांत तो दिवाळीपर्यंत जगत नाही. त्यांचं म्हणणं, मोठी टाकी आणि सुट्टीतली पाळी ठरवली तर जमतं, आणि इनागाकींच्या मुलांसारखं शिकणं होतं. ज्या शाळेला ही पाळी निभावता येईल तिने जरूर ठेवावेत. इतरांनी कढीपत्त्याची कुंडी ठेवावी. तिथे मॉर्मॉन फुलपाखरं आपणहून येतात, अंडी घालतात, आणि सारं आटोपलं की उडून जातात. लिंबाच्या कुळातलं हे झाड. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉर्मॉनची अळीही याच कुळातल्या झाडांवर वाढते. दारात कोण येईल सांगता येत नाही.

प्रत्येक भागाच्या शेवटी कोरी पानं सोडली आहेत, आणि वर फक्त एक ओळ : ‘त्याला काय लागतं?’ मुलांनी सांगायचं, ताईंनी त्यांच्याच शब्दांत लिहायचं. पुस्तक छापायला जाण्याआधी एका बालवाडीत ही पानं वापरून पाहिली. पालीच्या पानावर पाच वर्षांच्या मुलीने सांगितलं, “पालीला दिवा लागतो.” ताईंनी तसंच लिहून घेतलं, दुरुस्त केलं नाही. “तुला कसं कळलं?” एवढंच विचारलं. ती म्हणाली, रोज ट्यूबलाइटपाशीच असते. मग घरी बघून ये, दिवा बंद केल्यावर काय करते, असं ताईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच ती पान उघडून उभी होती. दिवा बंद केला तर पाल खिडकीत गेली, बाहेर रस्त्यावरचा दिवा होता, आणि तिथे चिलटं होती. खूप चिलटं. ताईंनी तिच्या पहिल्या वाक्याखाली दुसरं वाक्य लिहिलं आणि पानावर अजून बरीच जागा उरली होती.